लुई हॅरॉल्ड ग्रे

लुई हॅरॉल्ड ग्रे (१० नोव्हेंबर, १९०५ - ९ जुलै, १९६५) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ होते. सजीवांवर होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या प्रारण-जीवशास्त्र या विद्याशाखेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पदार्थात शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांच्या स्मरणार्थ 'ग्रे' हे नाव देण्यात आले आहे. कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कमी असेल तर किरणोपचार निष्प्रभ ठरतात, ही गोष्ट मोजमापाच्या आधारे प्रस्थापित करून तिला वैद्यकाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिले जाते. स्वादुपिंडाच्या कर्करोगासारख्या दुर्दम्य रोगात गाठीतील ऑक्सिजन वाढवून किरणोपचार परिणामकारक करण्याचे जे प्रयत्न आज चालू आहेत, त्यांचे मूळ ग्रे यांच्या १९५३ आणि १९५५ सालच्या शोधनिबंधांत आहे.

शिक्षण

ग्रे यांचे कुटुंब साधारण आर्थिक स्थितीतले होते. निकटवर्तीयांत ते 'हॅल' या नावाने ओळखले जात. लॅटिमर अपर स्कूल आणि त्यानंतर क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळांत त्यांचे शिक्षण झाले. क्राइस्ट्स हॉस्पिटल हे नाव रुग्णालयाचे वाटले, तरी ती होतकरू व गरजू मुलांना आधार देणारी जुनी निवासी शाळा आहे. तेथून शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले.

पदवीनंतर त्यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधनास आरंभ केला. अर्नेस्ट रदरफर्ड हे त्या वेळी या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि अणुकेंद्राच्या अभ्यासाचे ते जगातील एक अग्रगण्य ठिकाण होते. ग्रे यांनी गॅमा किरण पदार्थात कसे शोषले जातात हा विषय निवडला. शोषण मोजायचे तर किरणांनी पदार्थात नेमकी किती ऊर्जा सोडली हे कळले पाहिजे. हा प्रश्न त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया ठरला.

१९३२ साली फ्रेय पिको यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फ्रेय या दृष्टिहीन होत्या.

रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ

१९३३ साली ग्रे यांनी लंडनजवळील माउंट व्हर्नन रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नोकरी स्वीकारली. त्या काळी मूलभूत भौतिकशास्त्र ऐन बहरात होते. चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावून जेमतेम एक वर्ष झाले होते. अशा वेळी कॅव्हेंडिशसारखे ठिकाण सोडून कर्करोगाच्या रुग्णालयात जाणे ही तरुण संशोधकासाठी सरळ वाट नव्हती. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाचे काम मुख्यतः रेडियम व क्ष-किरण यांच्या मात्रांचा हिशेब ठेवण्याचे असे. ग्रे यांनी या हिशेबालाच शास्त्राचे स्वरूप दिले.

शरीरातील ऊतीत शोषलेली ऊर्जा थेट मोजणे फार अवघड असते, कारण ती अत्यंत अल्प असते. आज ज्या मात्रेला १ ग्रे म्हणतात, तिच्यामुळे पाण्याचे तापमान अंशाच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतकेच वाढते. याउलट, लहानशा पोकळीतील वायूत किरणांमुळे निर्माण होणारा विद्युतभार सहज मोजता येतो. पदार्थात सूक्ष्म पोकळी ठेवून तिच्यातील वायूच्या आयनीभवनावरून भोवतालच्या पदार्थात शोषलेली ऊर्जा काढता येते, हे तत्त्व ग्रे यांनी विकसित केले. या दिशेचा विचार विल्यम हेन्री ब्रॅग यांनी पूर्वी मांडला होता, म्हणून हे तत्त्व ब्रॅग-ग्रे सिद्धान्त या नावाने ओळखले जाते. त्याची पूर्ण मांडणी १९३६ साली प्रसिद्ध झाली. किरणोपचार यंत्रातून निघणारी मात्रा मोजण्याच्या आयनीभवन-पद्धतीचा आधार आजही हाच सिद्धान्त आहे.

न्यूट्रॉनवरील प्रयोग

क्ष-किरणांपेक्षा न्यूट्रॉन कर्करोगावर अधिक परिणामकारक ठरतील का, हा प्रश्न १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आला. ग्रे यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने माउंट व्हर्नन येथे एक न्यूट्रॉन जनित्र उभारले आणि १९३८ पासून न्यूट्रॉनच्या जैविक परिणामांचा अभ्यास सुरू केला. या प्रयोगांत भौतिकशास्त्रज्ञ जॉन रीड आणि जीवशास्त्रज्ञ जे. सी. मॉट्राम हे त्यांचे सहकारी होते. प्रयोगासाठी घेवड्याच्या जातीतील बाकला या वनस्पतीची कोवळी मुळे वापरली जात. ही मुळे स्वस्त असतात, वेगाने वाढतात आणि किरणांचा परिणाम त्यांच्या वाढीवर लगेच दिसतो. एक साधे मूळ आणि एक मोजपट्टी एवढ्या सामग्रीवर पेशींच्या संवेदनशीलतेचे नियम शोधता आले.

या अभ्यासातून सापेक्ष जैविक परिणामकारकतेची संकल्पना आकाराला आली. शोषलेली ऊर्जा समान असली तरी न्यूट्रॉन व क्ष-किरण यांचा जैविक परिणाम समान नसतो. म्हणून मात्रा सांगताना किरणांचा प्रकारही विचारात घ्यावा लागतो. याच सुमारास अमेरिकेत बर्कली येथे रुग्णांवर न्यूट्रॉनचे उपचार झाले होते. त्यांतील अनेकांना पुढे निरोगी ऊतींच्या गंभीर हानीला तोंड द्यावे लागले. दोन प्रकारच्या किरणांची तुलना पुरेशी नेमकी नसेल, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हे त्या अनुभवाने दाखवून दिले.

हॅमरस्मिथ

१९४६ साली ग्रे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या किरणोपचार संशोधन विभागात गेले. तेथे त्यांच्याभोवती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तिन्ही शाखांचे संशोधक जमले. आल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांनी पेशीचक्राच्या टप्प्यांविषयीचे पायाभूत संशोधन याच विभागात केले. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील भौतिकशास्त्रज्ञ टिकवा आल्पर यांनीही येथेच प्रारण-जीवशास्त्रात काम केले.

विभागाने कोणत्या दिशेने जावे याविषयी मात्र मतभेद निर्माण झाले. सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने रुग्णांवर नवे उपचार सुरू करणे हे विभागाचे मुख्य उद्दिष्ट होते. ग्रे यांचा कल त्याआधी मूलभूत जैविक प्रश्नांचा उलगडा करण्याकडे होता. अखेरीस १९५३ साली त्यांनी हॅमरस्मिथ सोडले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जमलेला संशोधकांचा गट मागे ठेवून, त्यांना पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावी लागली.

ऑक्सिजनचा परिणाम

ग्रे यांचे सर्वाधिक महत्त्वाचे कार्य याच संक्रमणकाळातील आहे. ऊतीचा रक्तपुरवठा कमी केला तर किरणांचा परिणाम घटतो, असे निरीक्षण विसाव्या शतकाच्या आरंभापासून नोंदले गेले होते. गॉटवाल्ड श्वार्ट्झ यांनी १९०९ साली त्वचेवर दाब देऊन हा फरक दाखवला होता. १९२१ साली हॉल्टहूझेन यांनी कृमींच्या अंड्यांवरील प्रयोगात ऑक्सिजनच्या अभावाचा परिणाम नोंदवला. मॉट्राम यांनीही या विषयावर काम केले होते. तथापि या निरीक्षणांना उपचारशास्त्रात मध्यवर्ती स्थान मिळाले नव्हते.

१९५३ साली ग्रे यांनी कॉन्गर, एबर्ट, हॉर्न्सी व स्कॉट या सहकाऱ्यांसह 'ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिऑलॉजी' या नियतकालिकात एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. किरण देताना ऊतीत विरघळलेला ऑक्सिजन किती आहे, यावर किरणोपचाराचे यश अवलंबून असू शकते, हे त्याचे प्रतिपाद्य होते. या व नंतरच्या संशोधनातून पुढील चित्र स्पष्ट झाले. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारण्यासाठी ऑक्सिजनयुक्त पेशींच्या तुलनेत क्ष-किरणांची सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. यासाठी ऑक्सिजन भरपूर असण्याची गरज नसते. पाऱ्याच्या स्तंभाच्या सुमारे ३ मिलिमीटर इतक्या अल्प दाबालाच निम्मा परिणाम दिसू लागतो आणि ३० मिलिमीटरच्या पुढे तो फारसा वाढत नाही. याचा अर्थ, निरोगी ऊतींना जादा ऑक्सिजन दिल्याने त्यांची हानी फारशी वाढत नाही, परंतु ऑक्सिजनविना तगलेल्या कर्कपेशींच्या बाबतीत थोड्याशा ऑक्सिजननेही मोठा फरक पडतो.

या घटनेचे कारण रासायनिक आहे. किरणांमुळे पेशीतील डीएनए रेणूवर मुक्तमूलके निर्माण होतात. ऑक्सिजन जवळ असेल तर तो या मूलकांशी संयोग पावून झालेली हानी पक्की करतो. ऑक्सिजन नसेल तर पेशीतील अन्य द्रव्ये ती हानी रासायनिक रीतीने भरून काढू शकतात. ही स्पर्धा सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात संपते. म्हणून ऑक्सिजन किरण देण्याच्या क्षणी उपस्थित असावा लागतो. तो नंतर पोहोचला तर उपयोग होत नाही.

गाठींचा अभ्यास

प्रयोगशाळेतील हा नियम माणसाच्या कर्करोगाला लागू पडतो का, हा पुढचा प्रश्न होता. रोगविकृतिशास्त्राचे अभ्यासक आर. एच. टॉमलिन्सन यांच्यासह ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठींचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. या गाठींत कर्कपेशींचे पुंजके असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या भोवतालच्या संयोजी ऊतीत असतात. म्हणजे ऑक्सिजन बाहेरून आत झिरपत जातो. ज्या पुंजक्यांची त्रिज्या सुमारे १६० मायक्रॉनपेक्षा कमी होती, त्यांत मृत गाभा आढळला नाही. ज्यांची त्रिज्या २०० मायक्रॉनपेक्षा अधिक होती, त्या सर्वांत मध्यभागी पेशी मेलेल्या होत्या. पुंजका कितीही मोठा झाला तरी त्याच्या कडेच्या जिवंत थराची जाडी जवळजवळ ठरावीक मर्यादेत राहत असे.

ग्रे यांनी गणिताने ऑक्सिजनच्या प्रवासाचे अंतर काढले. ऑक्सिजन ज्या वेगाने झिरपतो आणि पेशी ज्या वेगाने तो वापरतात, त्यांवरून तो सुमारे १५० मायक्रॉनपर्यंत पोहोचू शकतो, असे उत्तर आले. साध्या कागदाच्या दीड पानाच्या जाडीइतके हे अंतर आहे. सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण आणि कागदावरचे गणित यांचा मेळ बसला. पुढे हे अंतर याहून कमी असल्याचे आढळले, परंतु मूळ निष्कर्ष अबाधित राहिला. पूर्ण मृत पेशी आणि सुस्थितीतील पेशी यांच्या सीमेवर असा एक थर असतो की ज्यात पेशी जगण्यापुरता ऑक्सिजन असतो, पण किरणांना बळी पडण्याइतका नसतो. उपचारानंतर रोग उलटतो त्यामागे याच पेशी असू शकतात. हा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि कर्करोग संशोधनातील पायाभूत निबंधांत त्याची गणना होते.

ग्रे प्रयोगशाळा

हॅमरस्मिथ सोडल्यावर ग्रे माउंट व्हर्नन येथे परतले. ब्रिटिश एम्पायर कॅन्सर कॅम्पेन या संस्थेच्या साहाय्याने तेथे प्रारण-जीवशास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. या ठिकाणी जॅक बोग यांनी ग्रे यांच्या मार्गदर्शनाखाली स्पंद-प्रारणविघटन हे तंत्र विकसित केले. त्यात किरणांचा अतिशय अल्पकालीन झोत देऊन त्यानंतरच्या क्षणिक रासायनिक घडामोडी टिपता येतात. १९६२ साली बोग आणि अमेरिकेचे एडविन हार्ट यांनी या तंत्राने पाण्यातील जलयोजित इलेक्ट्रॉनचे अस्तित्व सिद्ध केले.

१९६१ साली ग्रे यांची रॉयल सोसायटीच्या सदस्यपदी निवड झाली. ९ जुलै, १९६५ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

उपचारांतील प्रयत्न व मर्यादा

ऑक्सिजन वाढवला की उपचार यशस्वी होतील, हा निष्कर्ष सरळ वाटत होता. प्रत्यक्षात तो मार्ग बिकट ठरला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात इयन चर्चिल-डेव्हिडसन यांनी १९५० च्या दशकात रुग्णाला बंदिस्त टाकीत ठेवून, वातावरणाच्या तिप्पट दाबाने शुद्ध ऑक्सिजन देत किरणोपचार केले. डोके, मान व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगात पुढील चाचण्यांत काही लाभ दिसला, परंतु पद्धत क्लिष्ट होती. आकडी येण्याचा आणि आगीचा धोकाही होता. तसेच, किरणांची मात्रा अनेक दिवसांत विभागून दिल्यास दोन बैठकांच्या दरम्यान गाठीतील काही उपाशी पेशींना आपोआप ऑक्सिजन मिळू लागतो, हे १९६० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे टाकीचा जादा लाभ अपेक्षेपेक्षा कमी ठरला.

दुसरा मार्ग औषधांचा होता. ऑक्सिजनसारखेच काम करणारा, पण पेशींकडून वापरला न जाणारा, म्हणून दूरवर झिरपणारा पदार्थ शोधण्याचे प्रयत्न जेराल्ड ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांतून नायट्रोइमिडॅझोल गटातील औषधे पुढे आली. त्यांपैकी मिसोनिडॅझोल मज्जातंतूंना अपायकारक ठरले. तुलनेने सौम्य असलेले निमोरॅझोल डेन्मार्कमध्ये घशाच्या कर्करोगात वापरले जाते. ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण असलेला कार्बोजेन वायू आणि निकोटिनामाइड यांचा एकत्रित उपयोग ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात लाभदायक ठरल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

स्वादुपिंडाचा कर्करोग

ग्रे यांच्या विचाराची कठोर परीक्षा स्वादुपिंडाच्या कर्करोगात होते. या गाठीत कर्कपेशींभोवती तंतुमय ऊतीचे दाट जाळे असते. त्याच्या दाबाने रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्तपुरवठा तुटपुंजा राहतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीत सुईसारखा इलेक्ट्रोड घालून ऑक्सिजनचा दाब मोजण्यात आला. रुग्णांची संख्या लहान असली तरी गाठीतील दाब शेजारच्या निरोगी स्वादुपिंडाच्या मानाने अत्यंत कमी होता. शिवाय जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग स्वादुपिंडाला लागून असल्याने किरणांची मात्रा हवी तितकी वाढवता येत नाही. तिप्पट मात्रेची गरज असलेल्या पेशी आणि मात्रा सहन न होणारे शेजारी अवयव, अशी ही कोंडी आहे.

तीतून बाहेर पडण्याचे मार्ग ग्रे व टॉमलिन्सन यांच्या गणितातूनच निघतात. ऑक्सिजन किती दूर जाईल हे पुरवठा आणि वापर या दोन गोष्टींवर ठरते. पुरवठा वाढवण्यासाठी तंतुमय जाळे सैल करण्याचे प्रयत्न झाले. या जाळ्यातील हायालुरॉनन हे द्रव्य तोडणाऱ्या एका विकराची केमोथेरपीबरोबर मोठी चाचणी झाली, परंतु २०१९ साली तिच्यातून आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. दुसरीकडे, पेशींचा ऑक्सिजन-वापर कमी केला तर आहे तोच पुरवठा आणखी आतपर्यंत पोहोचतो. सपाट थराच्या साध्या गणितानुसार वापर निम्मा झाल्यास हे अंतर सुमारे १.४ पट होते. मेटफॉर्मिन, पॅपॅव्हरिन, ॲटोव्हाक्वोन यांसारखी अन्य रोगांसाठी वापरात असलेली जुनी औषधे पेशीतील तंतुकणिकांच्या श्वसनक्रियेला आवर घालतात. म्हणून किरणोपचाराला जोड म्हणून त्यांचा अभ्यास सुरू आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात असा कोणताही उपाय अद्याप नित्याच्या उपचाराचा भाग झालेला नाही.

तिसरा मार्ग किरणांचा प्रकार बदलण्याचा आहे. न्यूट्रॉन किंवा कार्बनचे आयन यांसारख्या, दाट आयनीभवन करणाऱ्या कणांचा परिणाम ऑक्सिजनवर कमी अवलंबून असतो. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगावर कार्बन आयनांचे उपचार केले जातात.

वारसा

१९७५ साली वजने व मापे यांच्या पंधराव्या सर्वसाधारण परिषदेने शोषित मात्रेच्या एककाला 'ग्रे' हे नाव दिले. १ किलोग्रॅम पदार्थात १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली, तर ती मात्रा १ ग्रे होते. त्याआधी वापरात असलेल्या 'रॅड' या एककाच्या ती शंभर पट आहे. किरणोत्सर्गाच्या मोजमापाविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगातर्फे त्यांच्या नावाने ग्रे पदक दिले जाते. माउंट व्हर्नन येथील प्रयोगशाळेचे कार्य पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात नेण्यात आले.

भारतासह जगभरच्या रुग्णालयांत किरणोपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत मात्रेच्या आकड्यापुढे ग्रे हे एकक लिहिलेले असते. शोषलेली ऊर्जा किती, हे तो आकडा सांगतो. त्याच ऊर्जेचा परिणाम प्राणवायूविना तगलेल्या पेशींवर का कमी होतो, याचे उत्तर देण्यातही ग्रे यांचा मोठा वाटा आहे.